घट फुटल्यावर

लग्न मोडण्यासाठी मराठीत शब्दांची ददात नाही. काडीमोड आहे, फारकत आहे, सोडचिठ्ठी आहे आणि कोर्टाच्या कागदावरचा घटस्फोट आहे. काडीमोडीत पंचांसमोर काडी मोडली की नातं तुटलं. फारकत हा मूळचा देणंघेणं संपल्याचा कागद. यांतला सगळ्यांत सभ्य वाटणारा शब्द घटस्फोट, पण त्याची जन्मकथा सगळ्यांत कठोर आहे. जातीबाहेर टाकायच्या माणसाच्या नावानं पाण्यानं भरलेला घट फोडायचा. तो आपल्यापुरता मेला असं त्यातून जाहीर व्हायचं. आज हा शब्द नवराबायको दोघांनाही लागतो. बहिष्काराचा त्यातला अंश मात्र बहुतेकदा बाईच्याच वाट्याला येतो.

पुढचे शब्द पाहिले की हे उघडच दिसतं. ती टाकलेली, सोडलेली, नांदत नसलेली, माहेरी परत आलेली. सरकारी कागदात परित्यक्ता किंवा घटस्फोटिता. त्याला शब्द एकच, बिजवर. त्याचा शब्द पुढच्या लग्नाकडे बघतो, तिचे सगळे शब्द मागे सुटलेल्या घराकडे.

गेली सुमारे एकशे चाळीस वर्षं आपण एका प्रश्नावर भांडतो आहोत: बाईला लग्नातून बाहेर पडता यावं का, आणि कोणत्या कारणानं? त्याचं उत्तर बरंचसं मिळालं आहे. बाहेर पडल्यावर तिनं उभं कशावर राहायचं, हा दुसरा प्रश्न मात्र आपण तिच्या नशिबावर, नाहीतर तिच्या भावाच्या मनाच्या मोठेपणावर सोडून दिला. या लेखात आढावा घ्यायचा आहे तो या दुसऱ्या प्रश्नाचा. नवं आयुष्य चार गोष्टींवर उभं राहतं: छप्पर, पैसा, कागद आणि माणसं. त्यांपैकी पहिल्या गोष्टीकडे आपलं सर्वांत कमी लक्ष गेलं आणि बाकीच्या तिन्ही गोष्टी तिच्यापाशीच येऊन अडतात.

बाहेर पडण्याची वाट

घटस्फोट पश्चिमेकडून आला, असं म्हणणारे अजून भेटतात. महाराष्ट्रातल्या अनेक जातींमध्ये काडीमोड आणि पाट, म्हणजे पुनर्विवाह, हे दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. पाटाच्या बाईचा मान लग्नाच्या बाईपेक्षा कमी, हे खरं. पण वाट होती. ती बंद होती उच्चवर्णीयांत, आणि कायद्याची मोठी लढाई झाली तीही त्यांच्या घरांवरून.

या लढाईची सुरुवात रखमाबाईंपासून मोजायला हरकत नाही, जरी त्या स्वतः उच्चवर्णीय नव्हत्या. १८६४ मध्ये मुंबईत त्यांचा जन्म झाला आणि अकराव्या वर्षी लग्न. सासरी त्या कधी राहिल्याच नाहीत. नवरा दादाजी भिकाजी यानं १८८४ मध्ये त्यांनी नांदायला यावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. प्रकरण अपिलात जाऊन परत आलं आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजीनं दोन हजार रुपये घेतले आणि हक्क सोडला.

पुढची वाटचाल संथ आणि तुकड्यातुकड्यांची आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये काडीमोडीला कायद्याचं रूप दिलं. बडोद्यात सयाजीरावांच्या कारकिर्दीत १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांतानं तो १९४७ मध्ये केला. हिंदू कोड बिल रखडलं, आणि १९५१ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला त्यामागे हेही एक मोठं कारण होतं. हिंदू विवाह कायदा अखेर १८ मे १९५५ रोजी लागू झाला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाई गेल्या. परस्परसंमतीनं घटस्फोट घेण्याची सोय त्या कायद्यात यायला १९७६ साल उजाडलं. नांदायला येण्याचा दावा आजही कायद्यात आहे. तुरुंग तेवढा गेला. पोटगी मागणाऱ्या बायकोवर उलटा वार म्हणून तो दावा लावला जातो. असा हुकूम बायकोविरुद्ध झाला असला तरी न नांदण्याला सबळ कारण असेल तर तिची पोटगी बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट करावं लागलं.

मुसलमान स्त्रियांची वाट याहून खडतर होती. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला तेव्हा त्यात सात बायका होत्या. १९८५ च्या शाहबानो निकालानंतर १९८६ चा कायदा आला आणि हा प्रश्न राजकारणाच्या तोंडी गेला. एका दमात दिलेला तिहेरी तलाक न्यायालयानं २०१७ मध्ये रद्द ठरवला, २०१९ मध्ये त्यावर फौजदारी कायदा झाला. घटस्फोटित मुसलमान स्त्रीलाही सर्वांसाठीच्या कायद्याखाली पोटगी मागता येते, हे जुलै २०२४ मध्ये पुन्हा एकदा नक्की झालं.

थोडक्यात, बाहेर पडायचं दार आता आहे. दारात गर्दी आहे, तारखांवर तारखा पडतात, पण दार आहे.

आकडे आणि त्यांतली पोकळी

२०११ च्या जनगणनेत घटस्फोटित म्हणून नोंद झालेल्या स्त्रिया देशात सुमारे ९.१ लाख होत्या आणि पुरुष साडेचार लाख. विभक्त राहणाऱ्या स्त्रिया २३ लाखांहून अधिक आणि पुरुष साडेअकरा लाखांच्या आसपास.

एका लग्नाच्या मोडण्यातून एक बाई आणि एक पुरुष सुटा होतो. मग बायका दुपटीनं कशा? पुरुष पुन्हा बोहल्यावर चढतो आणि 'विवाहित'च्या रकान्यात परत जातो, हे उघड उत्तर. घटस्फोटितांपेक्षा विभक्तांची संख्या अडीचपट का, हा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर असं की बहुतेक लग्नं कोर्टात मोडतच नाहीत. दिवाळीला म्हणून माहेरी आणून सोडलेली बाई न्यायला कोणी येत नाही. पहिलं वर्ष वाट बघण्यात जातं, दुसरं बैठका घेण्यात, तिसऱ्या वर्षी त्यानं दुसरी आणल्याची बातमी येते. हिच्या हातात ना निकाल, ना कागद.

विधवेकडे नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडे हुकूमनामा. परित्यक्तेकडे दाखवायला काहीच नसतं, आणि घटस्फोटितांपेक्षा तिची संख्या मोठी आहे.

संगमनेरची परिषद

ही गोष्ट सर्वांत आधी ओळखली ती कार्यकर्त्यांनी. २० मार्च १९८८ रोजी संगमनेरला समता आंदोलनाच्या पुढाकारानं परित्यक्तांची परिषद भरली. निशा शिवूरकर या चळवळीच्या आधारस्तंभ होत्या, आणि पुढे त्यांनीच 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' हे पुस्तक लिहिलं. त्याच दशकात सांगली-सातारा भागात इंदुताई पाटणकरांच्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनंही टाकलेल्या बायकांचा प्रश्न गावोगाव मांडला.

या चळवळींचं वेगळेपण त्यांच्या मागण्यांत होतं. शहरी चर्चा हुंडा, छळ, आणि घटस्फोटाची कारणं यांवर चालली होती. गावातल्या बाईनं मागितलं ते स्वतंत्र रेशनकार्ड, राहायला जागा आणि वेळेवर पोटगी. रेशनकार्डाची मागणी वरवर किरकोळ वाटते. पण नाव सासरच्या कार्डावर, तिथून ते कमी केल्याचा दाखला सासरचे देत नाहीत, म्हणून माहेरच्या कार्डावर चढत नाही, स्वतःचं वेगळं निघत नाही. सरकारदरबारी ती कुठल्याच चुलीवर नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री ही कार्डाची कुटुंबप्रमुख ठरवली, तेव्हा या जुन्या मागणीला निदान तत्त्व म्हणून मान्यता मिळाली.

अलीकडे 'एकल महिला' हा शब्द रुळतो आहे. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित आणि अविवाहित या सगळ्या त्यात एकत्र येतात. नवऱ्याशी काय झालं यापेक्षा बाई आज कशी उभी आहे, याकडे तो शब्द बघतो. शब्द बदलल्यानं भाकरी मिळत नाही, हे खरं. पण योजना कोणासाठी हे शब्दावरूनच ठरतं.

छप्पर

हुकूमनाम्यानंतर पहिली रात्र कुठे काढायची? मराठी साहित्यानं हा प्रश्न आपल्या शीर्षकांत केव्हाच लिहून ठेवला आहे. अत्र्यांचं १९३४ चं नाटक 'घराबाहेर'. मालतीबाई बेडेकरांचं पुस्तक 'घराला मुकलेल्या स्त्रिया'. जब्बार पटेलांचा १९८२ चा चित्रपट 'उंबरठा', आणि तो ज्या कादंबरीवर बेतला ती शांता निसळांची 'बेघर'. चारही नावं घराची. 'उंबरठा'तली सुलभा शेवटी घर सोडून निघते, गाडी सुटते आणि चित्रपट संपतो. पुढच्या स्टेशनवर उतरून तिनं भाड्याची खोली कुठे शोधली, हा चित्रपट अजून कोणी काढलेला नाही.

खऱ्या आयुष्यात पहिली रात्र माहेरी जाते. आईवडील असेपर्यंत माहेर असतं, मग ते भावाचं घर होतं. सुरुवातीला सगळे मायेनं घेतात. सहा महिन्यांनी वहिनीच्या बोलण्यात खर्च येतो, वर्षानं मुलाच्या शाळेवरून कुरबुर होते, आणि बाई मान खाली घालून सगळ्यांच्या आधी उठायला लागते. हा वहिनीच्या स्वभावाचा दोष नाही. दोन खोल्यांच्या घरात हक्क नसलेलं माणूस राहायला आलं की असंच होतं.

आणि हक्क का नाही? कायद्यानं तर आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीनं हिस्सा दिला, केंद्रानं २००५ मध्ये, आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालानं वडील कधी वारले याचा वादही मिटवला. तरीही ती पाहुणी, कारण मधे एक कागद आहे: हक्कसोडपत्र. वडील गेल्यावर भाऊ बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बोलावतात, सह्या होतात, साडीचोळी होते. 'भावाशी कशाला वाईटपणा', हे वाक्य त्या कार्यालयाच्या बाकावर रोज ऐकू येतं. लग्न धड चालू असताना केलेली ती सही, लग्न मोडल्यावर तिला बेघर करते.

सासरच्या घरात राहण्याचा हक्क मिळाला तो कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं. तो २००५ मध्ये झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. घर कोणाच्याही नावावर असो, सामाईक घरातून बाईला मनमानीनं काढता येत नाही. न्यायदंडाधिकारी पर्यायी जागा किंवा भाडंही देववू शकतात. सासूसासऱ्यांच्या मालकीचं घरही सामाईक घर ठरू शकतं, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आहुजा खटल्यात सांगितलं. पण हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नव्हे. लग्न संपल्यावर त्याचा पाया डळमळतो.

तिथे शेजारच्या गोव्याकडे बघावं. गोव्यात पोर्तुगीज काळातली १८६७ ची नागरी संहिता आणि १९१० चा घटस्फोटाचा कायदा अजून चालू आहे. वेगळा करार केला नसेल तर लग्नाबरोबर नवराबायकोची मालमत्ता एकत्र होते आणि दोघांचा अर्धा-अर्धा वाटा असतो. एकट्या नवऱ्याला घर विकता येत नाही, बायकोची सही लागते. लग्न मोडलं तर वाटणी होते. माहेरचे हक्क सोडणाऱ्या सह्या गोव्यातही होतात, तेव्हा तो स्वर्ग आहे असं नाही. पण लग्नाच्या काळात उभं राहिलेलं घर दोघांचं, हे तत्त्व तिथे कायद्यात आहे. महाराष्ट्रात पंधरा वर्षं संसार करून, स्वतःच्या पगारातून घरखर्च भागवून नवऱ्याला गृहकर्जाचा हप्ता भरायला मोकळा ठेवणाऱ्या बाईचा त्या फ्लॅटवर कागदोपत्री एक पैशाचाही हक्क नसतो.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींना हे ऐंशीच्या दशकात उमगलं होतं. १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर त्यांनी 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम दिला: नवऱ्यानं आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. अनेक गावांत सातबारावर बायकांची नावं चढली. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेनं घरावर बाईचं नाव आवश्यक केलं, आणि महाराष्ट्रात २०२१ पासून बाईच्या नावानं घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. हे सगळं संसार सुखाचा असताना करायचं असतं. भांडण लागल्यावर कोणी नाव लावत नाही.

पैसा

पोटगीबद्दल दोन गैरसमज आहेत. एक, ती मागणं म्हणजे भीक मागणं. दुसरा, ती मिळाली की बाई आयुष्यभर बसून खाते. दोन्ही समज कोर्टाच्या व्हरांड्यात अर्धा दिवस बसलं तरी गळून पडतात.

फौजदारी संहितेच्या जुन्या कलम १२५ खाली २००१ पर्यंत महिना पाचशे रुपयांची मर्यादा होती. ती गेली. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. तात्पुरत्या पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असं कायदा म्हणतो. हा 'शक्यतो' फार लांबतो. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानं दोन कामाच्या गोष्टी केल्या. दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. तारखा लांबवून पैसे वाचवण्याची सोय त्यानं निदान कमी झाली. थकलेल्या पोटगीसाठी वसुलीचा अर्ज एका वर्षाच्या आत करावा लागतो, हे मात्र अनेक बायकांना कळतं तेव्हा दीड वर्ष झालेलं असतं.

खरी नुकसानी होते ती संमतीच्या घटस्फोटात. अर्ज दिल्यानंतर सहा महिने थांबावं लागतं. २०१७ पासून योग्य प्रकरणात कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. चार वर्षांच्या तारखांनी पिचलेली बाई म्हणते, 'सुटका हवी, बाकी काही नको.' त्याच क्षणी अटींच्या कागदावर ओळ येते: यापुढे पोटगी मागणार नाही, स्त्रीधन मिळालं. मिळालेलं नसतं. स्त्रीधन तिच्या एकटीच्या मालकीचं असतं, नवऱ्याकडे ते फक्त विश्वासानं ठेवलेलं असतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच सांगितलं आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. सही करण्याआधी तो कागद त्या वकिलाला वाचायला लावणं, हे हजार उपदेशांपेक्षा मोलाचं.

सरकारी मदत तुटपुंजी आहे. संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटित आणि परित्यक्ता दोघीही बसतात, महिना दीड हजार मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवं. लाडकी बहीण योजनेतही त्यांना जागा आहे. दीड हजारात खोलीचं भाडं येत नाही. गावात किराणा येतो, तेवढंच.

म्हणून शेवटी काम. बाई पायावर कशी उभी राहते, याचा महाराष्ट्राला जुना अनुभव आहे. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमानं आणि १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी सुरू केलेल्या पुण्याच्या सेवासदनानं मोठ्या वयाच्या बायकांना पुन्हा पाटी दिली आणि शिक्षिका व परिचारिका केलं. दुर्गाबाई देशमुखांच्या पुढाकारानं केंद्रीय समाजकल्याण मंडळानं १९५८ पासून प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम चालवले. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या बाईला दोन वर्षांत परीक्षेला बसता येई. म्हसवडला १९९७ मध्ये सुरू झालेल्या माणदेशी महिला बँकेनं, ज्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं त्या बायकांची खाती उघडली. या सगळ्यांत सूत्र एकच: मोठ्या वयात, पोरं कडेवर असताना शिकायची सोय, आणि शिकेपर्यंत राहायला जागा. वसतिगृहाशिवायचा अभ्यासक्रम बायका मध्येच सोडतात.

कागद

महाराष्ट्रात बाईचं लग्न झालं की तिचं आडनावच नव्हे, मधलं नावही बदलतं. वडील जातात, नवरा येतो. कुठलाच कायदा हे सांगत नाही, तरी सर्रास होतं. लग्न मोडल्यावर हे नाव अंगावर राहतं. दहावीचा दाखला एका नावाचा, पगारपत्रक दुसऱ्या, आधार तिसऱ्याच अवस्थेत. मग राजपत्रात नावबदलाची जाहिरात, पॅन, बँक, मतदार यादी. हे काम शांतपणे महिनाभर बसून करण्याचं आहे आणि अनेकींना ते पहिल्या मोकळ्या श्वासासारखं वाटतं: स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं लिहिणं.

मुलांच्या कागदात बदल होतो आहे. आई ही नैसर्गिक पालक असू शकते, त्यासाठी वडील मेलेलेच असावे लागत नाहीत, हे १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात ठरलं. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टला एकाच पालकाचं नाव चालतं, घटस्फोटाचे कागद लागत नाहीत. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. शाळेच्या खिडकीवर अजून 'वडिलांची सही आणा' ऐकू येतं. तिथे गीता हरिहरन निकाल छापून न्यावा.

माणसं

हे सगळं असूनही बाई कोसळते ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. आमंत्रण येत नाही, किंवा येतं आणि ओटी भरताना हात थबकतो. घरमालक एकटीला खोली देत नाही. कचेरीत कोणी जास्तच आपुलकी दाखवतं. लग्न वाईट असलं तरी त्यातून गेलेल्या वर्षांचं दुःख असतंच, आणि ते उघडपणे करायची सोय नसते, कारण 'सुटलीस ना, मग रडतेस कशाला'.

हे बोलायला जागा हवी, हे पुण्यात विद्या बाळ आणि नारी समता मंचानं ओळखलं आणि 'बोलते व्हा' हे केंद्र चालवलं. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबईत पोलिसांच्या आवारातच स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. २००१ मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' उभं राहिलं, कारण मार खाल्लेली बाई पोलिसांआधी दवाखान्यात जाते. माधवी देसाईंनी 'नाच गं घुमा'त आपल्या संसाराची मोडतोड लिहिली तेव्हा वादळ उठलं. पण कित्येक वाचकांना त्यात आपलंच घर दिसलं.

मुलांबाबत एकच गोष्ट सांगावीशी वाटते. त्यांना निरोप्या करू नये. 'तुझ्या बापाला सांग' या वाक्यानं मूल कोर्टात न जाताच साक्षीदार होतं.

आणि पुनर्विवाह? केला तर आनंद आहे. पण आयुष्य पुन्हा उभं राहिलं की नाही, याची ती कसोटी नव्हे. दुसरं लग्न हेच छप्पर मिळवण्याचं साधन झालं, तर पहिल्याच चुकीची पुनरावृत्ती व्हायची भीती असते.

एक आक्षेप

कायद्यांचा गैरवापर होतो, हा आक्षेप टाळून चालणार नाही. काही प्रकरणांत नवऱ्याच्या म्हाताऱ्या आईवडिलांना, लग्न झालेल्या नणंदेला उगाच गोवलं जातं. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानं छळाच्या तक्रारींतल्या सरसकट अटकेला लगाम घातला, ते योग्यच झालं. पण हे खटले इतके विखारी का होतात, हेही विचारावं. वाटणीचा सरळ मार्ग नसला की माणसं फौजदारी कलमं सौद्याला वापरतात. घराचा अर्धा वाटा कायद्यानं ठरलेला असता, तर निम्मी भांडणं हिशेबाची झाली असती, सुडाची नव्हे. गोव्याच्या तत्त्वाचा विचार बायकांइतकाच पुरुषांच्याही हिताचा आहे तो यासाठी.

हिशेब

पुन्हा रखमाबाईंकडे येऊ. खटल्याच्या काळात त्या आईच्या आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरात होत्या. कोणी त्यांना बाहेर काढलं नाही. वडिलांच्या मालमत्तेचा आधार होता. मलबारींसारखे सुधारक आणि कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची पाठीशी उभे राहिले. १८८९ मध्ये त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले. धैर्य त्यांचं स्वतःचं होतं. पण छप्पर, पैसा, कागद आणि माणसं या चारही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. आपण धैर्याचं कौतुक करतो आणि बाकी चार गोष्टी विसरतो. मग दुसऱ्या बायकांना विचारतो, 'तिनं केलं, तुला का जमत नाही?'

वैवाहिक मालमत्तेचा कायदा राज्यानं किंवा केंद्रानं करावा, परित्यक्तेला गावपातळीवर सोपा दाखला मिळावा, शिकणाऱ्या आईसाठी मुलांसह राहता येईल अशी वसतिगृहं तालुक्याला असावीत, या मागण्या जुन्या आहेत आणि अजून उभ्या आहेत. त्यांना वेळ लागेल. एक गोष्ट मात्र कायद्याची वाट न बघता करता येते. वडिलांच्या माघारी बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावणार असाल, तर बोलावू नका. तिचं नाव सातबारावर, सोसायटीच्या भागपत्रावर राहू द्या. तिला ते कधी लागणार नाही, अशीच आपली सगळ्यांची इच्छा आहे. पण लागलंच, तर ती तुमच्या दारात पाहुणी म्हणून नव्हे, तर स्वतःच्या घरी येईल.